मधुमेहींच्या पायाची जखम: हळद, दगडी पाला, कोरफड लावावी का?

भातलावणीच्या दिवसांत अलिबाग-मुरूड पट्ट्यातल्या दवाखान्यांत पायाला फडके गुंडाळून येणारे रुग्ण वाढतात. फडके सोडले की आत बहुतेक वेळा हिरवा चोथा किंवा पिवळा थर असतो. म्हणजे दगडी पाला, नाहीतर हळद. धडधाकट तरुणाच्या पायावर याने फारसे बिघडत नाही, कारण त्याची जखम तशीही भरणारच असते. पण ज्याला दहा-बारा वर्षांचा मधुमेह आहे, त्याच्या पायावरचा तोच थर काढताना मला दर वेळी धास्ती वाटते.

एका पावसाळ्यात साठी ओलांडलेले एक कोळी काका आले. होडी किनाऱ्यावर ओढताना अंगठ्याच्या खाली कालवाचे शिंपले लागले होते. त्याला अकरा दिवस झाले होते. सुनेने रोज न चुकता ताजा पाला चुरून बांधला होता. "दुखत नाय म्हणून थांबलो," काका म्हणाले. पाला धुऊन काढल्यावर जखम वरून एक रुपयाच्या नाण्याएवढी दिसली. बोथट सळई आत घातली तर ती थेट हाडाला टेकली. काकांना त्याही वेळी दुखले नाही. पुढे त्यांचे एक बोट काढावे लागले, पाय वाचला.

पाल्यामुळे बोट गेले असे मी म्हणणार नाही. बोट त्या अकरा दिवसांत गेले. झाडपाल्याच्या बाबतीत मुख्य प्रश्न हाच असतो, आणि प्रत्येक वनस्पतीविषयी बोलताना तो डोक्यात ठेवायचा आहे.

मधुमेहात जखम वेगळी का वागते?

वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा निकामी होऊ लागतात. आधी मुंग्या येतात, आग होते, मग हळूहळू पाय बधिर होतो. काटा रुतला, चपलेत खडा राहिला, गरम लादीवर पाय भाजला, तरी कळत नाही. तुमच्या-माझ्या पायाला जखम झाली तर आपण लंगडतो आणि त्या भागावर भार टाकत नाही. जखम भरण्यामागे त्या लंगडण्याचा मोठा वाटा असतो. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही. तो दिवसभर त्याच जखमेवर पाय देऊन चालतो आणि रात्री जे काही भरले असेल ते सकाळी पुन्हा चिरडतो.

दुसरे कारण रक्तपुरवठ्याचे. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, विशेषतः विडी, सिगारेट ओढणाऱ्यांच्या, तर जखमेपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही आणि पोटात घेतलेले औषधही पुरेसे पोहोचत नाही. तिसरे कारण जंतूंचे. साखर जास्त असताना पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढू शकत नाहीत.

म्हणून मधुमेहींच्या पायाच्या जखमेचा उपचार बराचसा जखमेच्या बाहेर चालतो. जखमेवरचा भार काढणे, साखर आटोक्यात आणणे, रक्तपुरवठा तपासणे, मेलेला भाग कापून काढणे आणि गरज असेल तर प्रतिजैविके देणे, ही ती कामे. जखमेवर काय लावायचे हा प्रश्न या सगळ्यानंतर येतो. घरी मात्र पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

हळद

हळदीबद्दल रुग्णांचे नातेवाईक मला हमखास पेटंटची गोष्ट सांगतात. गोष्ट खरी आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्यांच्या पुढाकाराने या पेटंटला आव्हान दिले गेले, जुने संस्कृत ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेख पुरावा म्हणून मांडला गेला आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. आपल्या सगळ्यांना अभिमान वाटावा अशीच ती लढाई होती.

पण त्या लढाईत सिद्ध काय झाले? जखमेवर हळद लावणे ही नवी कल्पना नाही, भारतात ती फार जुनी आहे, एवढे सिद्ध झाले. हळदीने मधुमेहींची जखम भरते की नाही, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता. प्रयोगशाळेत हळदीतले कर्क्युमिन सूज कमी करते आणि काही जंतूंना रोखते, हे दिसले आहे. स्वयंपाकघरातली हळद मधुमेहींच्या पायाच्या जखमेवर लावावी, असे सांगण्याइतका भक्कम पुरावा माणसांवरच्या प्रयोगांतून मिळालेला नाही.

व्यवहारातली अडचण वेगळीच आहे. हळदीचा थर वाळून खपली होते आणि तिच्याखाली पू साठतो. बाहेरून जखम कोरडी, छान दिसते. शिवाय आजूबाजूची कातडी पिवळी होते, त्यामुळे लाली पसरते आहे की नाही, कडा काळी पडते आहे का, हे ओळखता येत नाही. लाली किती पसरली यावरून आम्ही उपचार ठरवतो, आणि नेमकी तीच खूण झाकली जाते. बाजारातल्या उघड्या हळदीत भेसळीचा रंग असू शकतो, ती भानगड आणखी निराळी. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, हे तर उघडच आहे.

हळद भाजीत घाला, दुधात घाला. उघड्या जखमेत भरू नका.

दगडी पाला आणि रानमोडी

दगडी पाला, एकदांडी, जखमजोडी ही एकाच झाडाची नावे. बांधावर, रस्त्याच्या कडेला, सरकारी दवाखान्याच्या कुंपणालाही ते उगवते. मूळचे ते आपल्याकडचे नाही, मध्य अमेरिकेतून आलेले आहे, पण इथे इतके रुजले की आजी-पणजीचे औषध होऊन बसले. रानमोडीही तशीच बाहेरून आलेली. दोन्हींचा रस ताज्या ओरखड्यावर पिळला की रक्त थांबायला मदत होते, हा लोकांचा अनुभव आहे आणि मी तो खोटा ठरवत नाही. उंदरांवर या वनस्पतींच्या अर्कांचे प्रयोग झाले आहेत आणि काहींचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे आहेत. पण प्रयोगातल्या उंदराची जखम संशोधकाने स्वच्छ पात्याने केलेली असते आणि उंदीर कोवळ्या वयाचा असतो. वीस वर्षे मधुमेह असलेल्या, चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्या माणसाच्या तळव्याशी तिची तुलना करता येत नाही.

बांधावरच्या पाल्यावर माती असते, गुराढोरांचे मूत असते. मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात आणि ते पाला नळाखाली धुऊन जात नाहीत. तळहातावर चुरताना हाताचे जंतूही त्यात जातात. शेतात कोयता लागला आणि जवळ काहीच नाही, तर स्वच्छ रुमाल घट्ट दाबून धरा. रक्त थांबवायला दाब पुरतो.

कोरफड, कडुनिंब, मध

कोरफडीचा गर थंडावा देतो. किरकोळ भाजल्यावर, कातडी फाटलेली नसताना, लावायला हरकत नाही. पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक मात्र कातडीला झोंबतो. खोल जखमेत गर भरला तर ती ओली राहून कडा भिजून पांढऱ्या पडतात. कडुनिंबाच्या पाल्याचा काढा करून पाय बुडवून बसणे हा आणखी एक आवडता प्रकार. त्यात कडुनिंबापेक्षा गरम पाण्याचीच भीती जास्त. बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि पाऊल भाजून निघते. असे भाजलेले पाय मी काढ्यामुळेही पाहिले आहेत आणि शेकायच्या पिशवीमुळेही.

मधाविषयी थोडे जास्त संशोधन आहे. वरवरच्या भाजण्यावर मध उपयोगी ठरू शकतो, असे २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसते, पण मधुमेहींच्या पायाच्या जखमांबाबत ठोस काही सांगता आले नाही. त्या अभ्यासांतला वैद्यकीय मध किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. बाटलीतला रानमध तसा नसतो.

ज्याला हातही लावू नये असे: बिब्बा आणि रुईचा चीक

या लेखातले एवढे एकच वाचलेत तरी चालेल. तळव्याला कुरूप झाले, टाचेला भेग पडली, काटा मोडून आत राहिला की आपल्याकडे बिब्ब्याचा चटका देतात किंवा रुईचा चीक सोडतात. बिब्ब्याच्या तेलाने कातडी रासायनिक रीतीने भाजते आणि फोड येतात. निरोगी माणसाला ती आग असह्य होते म्हणून तो लगेच धुतो. बधिर पायाच्या माणसाला काहीच जाणवत नाही, म्हणून तो दुसऱ्या दिवशी परत लावतो. चांगल्या कातडीच्या पायावर अशी हाताने तयार केलेली जखम मी दर वर्षी पाहतो.

कुरूप म्हणजे त्या जागी दाब जास्त पडतो आहे अशी पायाने दिलेली सूचना. ते जाळायचे नसते. दवाखान्यात ते पात्याने खरवडून काढता येते आणि चप्पल बदलली की पुन्हा होण्याचे प्रमाण कमी होते. औषधाच्या दुकानात मिळणारी कुरुपाची पट्टीही मधुमेहींनी लावू नये, तिच्यातही कातडी विरघळवणारे आम्ल असते. चुना, तंबाखू, मशेरी, शेण, राख यांबद्दल वेगळे लिहायला नको.

मग वनस्पतींत काहीच नाही का?

आहे, आणि त्याचे सगळ्यात चांगले उदाहरण आपल्या अंगणातल्या कुंडीत आहे. पानओवा, म्हणजे ज्याच्या जाड पानांची आपण भजी करतो, आणि कारिवणा, ज्याला पुष्कळ जण ब्राह्मी म्हणतात, या दोन वनस्पतींच्या अर्कांपासून तैवानमध्ये एक मलम तयार झाले. त्याचा प्रयोग २०२१ साली जामा नेटवर्क ओपन या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तैवान, चीन आणि अमेरिकेतल्या २३६ मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमांवर तो केला होता. १६ आठवड्यांत मलम लावलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के जखमा पूर्ण भरल्या, तर शोषक ड्रेसिंग लावलेल्या गटात सुमारे ३५ टक्के. वनस्पतीजन्य औषधासाठी हा निकाल दखल घेण्यासारखाच आहे.

मात्र त्या प्रयोगात कोण होते तेही पाहा. जखमा फार खोल नव्हत्या, पायाचा रक्तपुरवठा बऱ्यापैकी होता, मेलेला भाग आधी काढला होता आणि जंतुसंसर्ग असलेल्यांना घेतले नव्हते. म्हणजे वर सांगितलेली सगळी कामे आधी झाली आणि मग मलम लागले. पानओव्याचे पान ठेचून बांधणे म्हणजे ते मलम नव्हे. अर्कातले ठरावीक घटक वेगळे काढून, ठरावीक प्रमाणात, निर्जंतुक करून ते बनवलेले असते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्याने भाजलेल्या रुग्णांवर केळीच्या पानाचे ड्रेसिंग वापरले आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पान जखमेला चिकटत नाही, बदलताना दुखत नाही आणि जवळजवळ फुकट पडते. इथेही पान औषध म्हणून नव्हते, स्वच्छ, न चिकटणारे झाकण म्हणून होते, आणि ते रुग्णालयात निर्जंतुक केले जात होते. भाजल्याची वरवरची जखम आणि मधुमेहींच्या तळव्याचा खड्डा यांत फरक आहेच. तरी कमी खर्चात विचारपूर्वक केलेले असे काम मला नेहमी आवडते.

मधुमेही पायावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आयडब्ल्यूजीडीएफ या आंतरराष्ट्रीय गटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, केवळ जखम भरावी म्हणून वनौषधीयुक्त ड्रेसिंग किंवा मध वापरू नये, असे म्हटले आहे. उपलब्ध पुरावा अपुरा आहे, हे त्याचे कारण. उद्या चांगला पुरावा आला तर सूचना बदलतील.

आयुर्वेदिक उपचार घेत असाल तर

मी एमबीबीएस आहे, आयुर्वेदावर अधिकाराने बोलणार नाही. पण सुश्रुतसंहितेत मधुमेही माणसाच्या जखमा कष्टाने बऱ्या होतात असे स्पष्ट सांगितले आहे, आणि जखमेचे साठ उपक्रम दिले आहेत, ज्यांत कापणे, खरवडणे, धुणे आणि बांधणे येते. म्हणजे नुसता लेप लावून वाट पाहा, असे तिथेही म्हटलेले नाही. शिकलेले, नोंदणीकृत वैद्य नाडी पाहतात, साखर तपासायला सांगतात आणि गरज पडल्यास शल्यचिकित्सकाकडे पाठवतात. अशा वैद्यांशी माझे भांडण नाही. दुकानातून स्वतः आणलेले जात्यादि तेल मात्र खोल जखमेत ओतू नका. त्यात मोरचूदही असते, आणि तेलाने भिजलेल्या जखमेची तपासणी अवघड होते.

जखमेसाठी कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांची पूड सुरू करून इन्सुलिन किंवा गोळ्या परस्पर बंद करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. जखम असताना साखर उलट वाढते आणि इन्सुलिनची गरजही वाढते.

समुद्राचे पाणी

"खाऱ्या पाण्यात पाय बुडवला की जखम सुकते," हे किनाऱ्यावर सगळीकडे ऐकू येते. मधुमेहींनी हे अजिबात करू नये. कोमट समुद्रात आणि खाडीच्या मचूळ पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. त्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू उघड्या जखमेतून शिरला तर काही तासांत पाय सुजतो, जांभळे, रक्ताने भरलेले फोड येतात आणि जिवावर बेतते. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना, म्हणजे नियमित दारू घेणाऱ्यांनाही, हा धोका जास्त असतो. कालवे काढताना कापले, शिंगाळ्याचा काटा घुसला आणि त्यानंतर ताप आला किंवा सूज झपाट्याने चढली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि "समुद्रात लागले" हे डॉक्टरांना सांगा. त्यावरून औषध बदलते.

घरी काय करायचे?

जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. आजूबाजूची कातडी साबणाने धुतलीत तरी चालेल. सलाइन मिळाले तर उत्तम. हायड्रोजन पेरॉक्साइड, पाणी न घातलेले जंतुनाशक, पांढरी पावडर, यांतले काही नको. पावडरचाही हळदीसारखाच थर बसतो. कोरडे निर्जंतुक गॉझ ठेवून सैल पट्टी बांधा. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवत नसेल तर घ्या. साखर तपासा. आणि त्या पायावर भार देऊ नका, हे सगळ्यात अवघड. लावणी किंवा मासळीचा हंगाम सोडून घरी बसणे कुणालाच परवडत नाही, हे मला माहीत आहे. तरी घरातल्या माणसांनी पाल्याऐवजी या बाबतीत आग्रह धरला तर जास्त फायदा होतो.

मधुमेहींच्या पावलाला कातडी फाटून झालेली कुठलीही जखम २४ तासांत डॉक्टरांनी पाहिली पाहिजे, दुखत नसली तरी, किंबहुना दुखत नसेल तर जास्तच. वास येणे, पू, कडा काळी पडणे, जखमेभोवती दोन सेंटिमीटरच्या पुढे लाली पसरणे, पाय सुजणे, थंडी-ताप किंवा साखर अचानक चढणे यांतले काहीही असेल तर त्याच दिवशी. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात क्ष-किरण तपासणी होते. शस्त्रक्रिया लागली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवा.

जखम नसलेल्यांनी रोज रात्री तळवे पाहायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा नातवंडाला पाहायला सांगा. चप्पल घालण्यापूर्वी ती उलटी करून झटका. बधिर पायासाठी मऊ एमसीआर तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. कनकेश्वरच्या पायऱ्या आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा अनवाणी करायचा नेम असेल तर देवळात विचारून पाहा. पायऱ्यांपर्यंत आणि खडकांवर चप्पल घालून गाभाऱ्यापुरती काढली तर कुणी अडवल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि आधी काही लावले असेल तर ते लपवू नका. रुग्ण येण्यापूर्वी पाला घासून धुऊन येतात, कारण डॉक्टर ओरडतात. आम्ही ओरडतो हे खरे आहे आणि ते चुकतेच. पण काय लावले, किती दिवस लावले आणि जखम नेमकी कोणत्या तारखेला झाली, या तीन गोष्टी कळल्या तर पुढचे काम सोपे होते. जमल्यास पहिल्या दिवसापासून जखमेशेजारी एक नाणे ठेवून मोबाइलवर रोज फोटो काढा. जखम लहान होते आहे की मोठी, हे त्या फोटोंवरून आम्हाला एका नजरेत दिसते.